नावाड्याचं घर शेवटच्या खेपेत

बुधराम मारबतेला तुम्ही करडीच्या बाजारात पाहिलं असतं, तर दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. ठेंगणा, काळासावळा, गुडघ्यापर्यंत धोतर आणि कानावर अर्धी विझलेली बिडी. बाजारात मासे विकायचं काम त्याचं नव्हतंच, ते त्याच्या बायकोचं, वच्छलाचं. हा नुसतं टोपलं पोचवायचा आणि मग चिंचेखाली बसून ती गिऱ्हाइकांशी कशी भांडते ते ऐकत राहायचा. संध्याकाळी माझ्या दुकानावर आला की लेकीच्या नावानं तिचा उल्लेख करून कौतुकानं सांगायचा, "शेट, रिताच्या मायनं आज एका मास्तरले रडवलं."

माझं किराणा दुकान चिचघाटात शाळेला लागून आहे, गावातल्या सगळ्यात उंच जागेवर. यात माझी अक्कल काही नाही. आजोबांना खाली जागा मिळाली नाही म्हणून ते वर चढले, आणि त्यांच्या त्या नाइलाजावर मी आजवर कोरडा राहिलो. खाली वैनगंगेला चिकटून ढिवरटोली आहे. मासे मारणारे, डोंगा म्हणजे लाकडी होडी चालवणारे सगळे तिथंच. त्यांच्या ओसरीतून जाळी फेकली तर पाण्यात पडेल, इतकी जवळ.

पूल झाला नव्हता तेव्हा पलीकडच्या तीरावर जायला बुधरामचा डोंगा हाच रस्ता होता. त्याच्या बापाचा, आज्याचा डोंगाही तसाच. गाव त्यांना पैसे देत नसे. मळणी झाली की प्रत्येक घरून सुपभर धान यायचं. गावाचं धान खाल्लं म्हणून डोंगा गावाचा, असा हिशेब. त्यातूनच एक नियम झाला होता. तो कोणी केला, कधी केला, ठाऊक नाही. पूर आला की नावाड्यानं आधी गावाला काढायचं, आपल्या घरच्या माणसांना शेवटच्या खेपेत न्यायचं. नावाड्याची बायको मधल्या खेपेत दिसली तर लोक तिला नावं ठेवायचे, आणि पुढच्या मळणीला त्या घरी सुपं कमी यायची. पूल झाला, सुपं बंद झाली. नियम मात्र राहिला. आम्ही माणसं अशीच आहोत, देणं विसरतो आणि घेणं लक्षात ठेवतो.

वच्छलाला या नियमाचा मोठा अभिमान. आधीच्या पुरांत ती ओट्यावर गाठोडं घेऊन, पाय खाली सोडून बसायची आणि डोंग्यात चढणाऱ्या बायकांना टोमणे मारायची. "ओ रंभाबाई, पानाचा डबा राहिला ना तुमचा." पाणी चढायचं, पण नदीच्या आपल्या चालीनं चढायचं. सकाळी घाटाच्या पायरीवर, दुपारी मारुतीच्या ओट्याशी, संध्याकाळी टोलीत. तेवढ्या वेळात साऱ्या खेपा होऊन वच्छला कोरड्या पायानं शाळेत पोचलेली असायची, आणि तिथंही माझ्याशी गुळाच्या भावावरून भांडलेली असायची.

त्या वर्षी पोळा होऊन गेला होता. आमच्याकडे चांगली उघाड होती. बायकांनी कुंपणावर गोधड्या वाळत घातल्या होत्या. पाऊस पडला तो वर, दूर, मध्य प्रदेशात. तिकडची धरणं भरली, पाणी सोडावं लागलं, आणि ते सगळं पाणी आमच्या अंगावर कोरड्या उन्हात आलं. मोबाइलवर सतर्क राहण्याचा संदेशही आला, पण तो वाचला तेव्हा वाचणारा गुडघाभर पाण्यात उभा होता. नदी अशी कधी आली नव्हती. पायरी, मारुती, टोली असे तिचे जे मुक्काम आम्हाला पाठ होते, त्यांतल्या एकाही ठिकाणी ती थांबली नाही.

बुधरामनं डोंगा सोडला. त्याचा पुतण्या लिलाधर पुढं बांबू घेऊन उभा, हा मागं वल्ह्यावर. म्हातारे, लेकरं, बाळंतीण. टोलीतून शाळेच्या उतारापर्यंत, परत टोली, परत उतार. मी उतारावर उभा राहून माणसं ओढून घेत होतो. प्रत्येक खेपेला बुधराम एकदा मागं वळून ओट्याकडं पाहायचा. वच्छला तिथंच बसलेली, मांडीवर गाठोडं.

शेवटून दुसऱ्या खेपेत रंभाबाई होती. नवरा नाही, लेक नाही, एक शेळी तेवढी होती. डोंग्यात एका माणसाची जागा उरली. पुढं काय झालं ते लिलाधरनं मला नंतर सांगितलं, एकदाच, आणि परत कधी बोलला नाही.

बुधराम म्हणाला, "रिताची माय, ये. बस आता."

वच्छला म्हणाली, "वा जी वा. आपल्या घरचं माणूस मधात बसते का? लोकं काय म्हनतीन?"

"पानी बेकार वाटून राहिलं मले."

"तुमाले दरसाल बेकार वाटते. रंभाबाईची शेळी घ्या, ते बिचारी वरडून राहिली. मी हावो ना, कुठं चालली?"

तिनं स्वतः ओट्यावरून उतरून कमरेइतक्या पाण्यातून शेळी उचलली आणि त्या जागेवर ठेवली. मग परत ओट्यावर जाऊन बसली. डोंगा निघाला.

तो परत वळला तेव्हा ओटा नव्हता, घरही नव्हतं. भिंती मातीच्या होत्या. पाणी वरून बुडवत नाही तशा घराला, खालून खातं. भिंत बसली आणि तिच्यावर आली, का ती आधी वाहिली, ते कोणी पाहिलं नाही. अंगणातल्या शेवग्याचा शेंडा तेवढा पाण्यावर हलत होता. बुधराम त्या शेंड्याभोवती डोंगा फिरवत राहिला. हाका मारल्या नाहीत. लिलाधरनं वल्हं हिसकावून घेतलं तेव्हा थांबला. पाणी उतरल्यावर वच्छला खाली बाभळीच्या बनात सापडली.

त्या पुरात चिचघाटात एकच माणूस गेलं. पेपरात आलं, जीवितहानी एक. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. मीही म्हणालो असेन.

बुधरामची पोरगी रिता सिहोऱ्याला दिली आहे. ती तेरवीपर्यंत थांबली आणि जाताना माझ्या दुकानासमोर, चार लोकांत, बापाला म्हणाली, "बाबा, तुमी गावाची शेळी वाचवली आन् माही माय ठेवली." ती बसमध्ये चढली आणि त्यानंतर तिनं बापाला फोन केला नाही. फोन तसा माझ्याच दुकानावर यायचा, म्हणून मला ठाऊक. रंभाबाईनं ती शेळी कोणाला विकली नाही, पण तिच्याकडं पाहणं सोडलं. चारा टाकायची आणि तोंड फिरवून निघून जायची.

बुधरामनं डोंगा उलटा करून ठेवला. परत पाण्यात घातला नाही. मासे बंद. लिलाधरच्या घरी दोन वेळ जेवायचा आणि दिवसभर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "बुधराम, काही तरी कर ना. गिऱ्हाईक तुझ्या तोंडाकडं पाहून वापस जातंय." तो हलून जरा बाजूला बसला. तेवढंच.

मग सरकारला जाग आली. आमच्यासारख्या काठावरच्या गावांचे हाल पाहून वर कुठं तरी ठरलं की देशाची पुराची तयारी नव्यानं बांधायची. नागरी संरक्षण म्हणजे लढाईतले भोंगे आणि दिवे घालवणं, एवढ्यावर थांबायचं नाही, गावागावात माणसं तयार करायची. भंडाऱ्याला मोठी बैठक ठेवली. दिल्लीहून, मुंबईहून साहेब लोक आले. ज्यांनी पुरात माणसं काढली त्यांचा सत्कार, आणि मग त्यांना विचारायचं, तुम्हाला काय हवं. बुधराम जायला तयार नव्हता. लिलाधरनं आणि मी त्याला जवळजवळ उचलून जीपमध्ये घातलं.

शाल, नारळ, टाळ्या झाल्या. बुधरामनं नारळ मांडीवर घेतला आणि तो गाठोड्यासारखा दोन्ही हातांनी धरून बसला. ते पाहून मला एकाएकी वच्छला आठवली आणि मी मान फिरवली. एकेक जण उठून सांगू लागला. कोणी फायबरची बोट मागितली, कोणी दोर, कोणी बॅटऱ्या, कोणी भोंगा. सगळं बरोबरच होतं. बुधरामची पाळी आली. तो उठला आणि म्हणाला, "जो डोंगा चालवते ना साहेब, त्याची बायको पयले बसवा."

मागं कोणी तरी हसलं. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दिल्लीच्या एक बाई अधिकारी होत्या, त्यांनी हिंदीत परत विचारलं, असं का? बुधराम नारळ या हातातून त्या हातात करत राहिला. शेवटी लिलाधरनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं, ओटा, शेळी, सगळं. मग कोणी हसलं नाही. त्या बाई म्हणाल्या, "यह तो होना ही चाहिए. घरवाले सुरक्षित हों तो बचानेवाले का ध्यान काम में रहेगा." बुधरामनं मान हलवली. त्याला ध्यानाचं काही म्हणायचं नव्हतं, पण मान हलवली.

मला वाटलं, झालं, चहा पिऊन सगळे विसरतील. असं वाटणं हा माझा स्वभावच आहे, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. यावेळी ठरला नाही. पुढच्या उन्हाळ्यात लिलाधरला तालुक्याला शिबिराला बोलावलं. नारिंगी जाकीट मिळालं, दोर बांधायला, बुडालेल्याची छाती दाबायला शिकवलं. तिथं भिंतीवर नियम दाखवले. ते देशभर सगळीकडं हेच शिकवणार, असं सांगितलं. त्यात एक होता, 'बचावकर्त्याच्या कुटुंबाचे स्थलांतर सर्वप्रथम करावे.' लिलाधरनं मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणला आणि दुकानाच्या पायरीवर बुधरामला वाचून दाखवला.

बुधरामनं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "वच्छलाचं नाव हाय का यात?"

"नाही काका. नावं नसतात ना टाकत."

"बरं," बुधराम म्हणाला, आणि कानावरची बिडी काढून पेटवली. कित्येक महिन्यांनी त्याला बिडी पेटवताना पाहिलं. मला आत जाऊन उगीच साखरेचं पोतं हलवावंसं वाटलं, आणि मी ते हलवलं.

नियम भिंतीवर आला म्हणजे गावात आला असं थोडंच असतं. जूनमध्ये पुराची रंगीत तालीम झाली. ग्रामपंचायतीवर नवा भोंगा बसवला होता, तो वाजला आणि गावातली सगळी कुत्री रडायला लागली. नवी नारिंगी बोट घाटावर आली. साहेबांनी कर्ण्यातून पुकारलं, पहिली खेप, बचावकर्त्याचं कुटुंब. लिलाधरची बायको प्रतिक्षा, आधीच्या पुरात ती माहेरी होती, पदर पुढं ओढून उभी राहिली आणि हलेना. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. कोणी तरी म्हणालं, "आता नावाडी पयले आपलं घर भरनार, मंग गाव." प्रतिक्षा पळून घरात गेली. साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं. त्यांनी पहिली खेप झाली असं समजून दुसरी घेतली. आणि सगळ्यांनी मनात नोंद केली की सरकारचं सरकारपाशी, आपलं आपल्यापाशी.

बुधराम घाटावरच होता. परतताना मला म्हणाला, "शेट, पानी आलं तं ते बी ओट्यावरच बसन."

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. तो लिलाधरच्या मागं लागला. लिलाधर म्हणे, मी तयार आहो, पण ती ऐकत नाही. तिला स्वतः सांगावं तर बुधराम तिचा चुलत सासरा. आमच्याकडे सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही, बोलायचंच असलं तर भिंतीला सांगतो. ताट वाढून झालं की प्रतिक्षा आत जायची आणि हा दाराकडं पाठ करून म्हणायचा, "पयले बसा लागते म्हना." आतून उत्तर यायचं, "लोकं थुंकतीन म्हना." असं ते पावसाळाभर चाललं. ऐकायला गंमत वाटते. मला ती तेव्हाही वाटली नव्हती, कारण त्यापायी बुधरामचं ताट अर्धं तसंच राहायचं.

भादव्यात पाणी आलं. यावेळी भोंगा वेळेवर वाजला, संदेशही वेळेवर आला, हे कबूल केलं पाहिजे. सकाळची वेळ होती. नदी मारुतीच्या ओट्याला लागली होती आणि टोलीतल्या घरांत शिरायला बघत होती. लिलाधरनं जाकीट चढवलं, नारिंगी बोट दाराशी आणली. टोलीतली सगळी माणसं बोटीकडं धावली. मीही दुकान टाकून उतरलो.

प्रतिक्षा आपल्या ओट्यावर बसली होती. पाय खाली सोडून, मांडीवर गाठोडं.

लिलाधर ओरडला, "चाल ना वो." ती म्हणाली, "लोकायले न्या. काकी नाही का बसल्या होत्या? मी बी बसतो."

बोटीत आधीच दोघं-तिघं चढले होते. बुधराम पाण्यात उतरला. वर्षभर त्यानं घाटाची पायरी ओलांडली नव्हती. त्यानं बोटीचा दोर पकडून दारातल्या शेवग्याच्या बुंध्याला दोन वेढे मारले आणि बोटीतल्यांना म्हणाला, "उतरा." लोक चिडले. एक जण त्याच्या अंगावर धावून गेला. गलका झाला. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, कोणी म्हणालं, घरच्यांसाठी गाव बुडवतो. बुधरामनं दोर सोडला नाही. मी मधे पडून दोन शिव्या दिल्या. कोणाला ते आठवत नाही. सगळ्यांनाच असाव्यात.

मग तो ओट्यापाशी गेला आणि जन्मात पहिल्यांदा सुनेच्या तोंडाकडं पाहून बोलला.

"पोरी, तुही काकी गावासाठी नाही बसली. लोकं काय म्हनतीन म्हनून बसली. ते मेली, आन् लोकं काहीच नाही म्हनले. एकानं बी काही म्हनलं नाही. मी ऐकत बसलो होतो वर्षभर शेटच्या पायरीवर."

प्रतिक्षानं पदर आणखी ओढला. उठली मात्र नाही.

"मंग मी बी बसतो," बुधराम म्हणाला, आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसला. सासरा आणि सून एका ओट्यावर. टोलीत असं कोणी पाहिलं नव्हतं. "दोर बांधला हाय. येऊ द्या पानी."

गलका थांबला. पाणी ओट्याच्या खालच्या दगडाला लागलं होतं. तेवढ्यात मागून रंभाबाई गर्दी सारत पुढं आली. बरोबर ती शेळी होती, दाव्यानं. तिनं दावं माझ्या हातात दिलं. मी घेतलं, काय करणार. म्हातारीनं प्रतिक्षाचं मनगट पकडलं.

"ऊठ. त्या साली तिच्या जागेवर माही शेळी बसली. मी वर्ष झालं झोपलो नाही. आता तू बसली ना इथं, तं मी बी नाही जात." ती रडू लागली, मोठ्यानं, आवरता आवरेना अशी. प्रतिक्षाही रडू लागली, आणि रडता रडता उठली. बुधरामनं गाठोडं उचललं, बोटीत ठेवलं. त्याच्या मागून ती चढली. मग इतर चढले. त्यानं वेढे सोडले.

पुढं सांगण्यासारखं काही घडलं नाही. बोट शाळेच्या उतारावर गेली, प्रतिक्षाला उतरवलं, परत आली. एकामागून एक खेपा झाल्या. रंभाबाई गेली, तिची शेळी माझ्याबरोबर गेली. पाणी टोलीच्या अर्ध्या घरांत शिरलं आणि दुपारी थांबलं. ना भिंत पडली, ना कोणी गेलं. शाळेत खिचडी शिजली. खिचडी खाता खाता लोकांना बळ आलं आणि कुरकुर सुरू झाली. एवढा तमाशा कायले केला म्हाताऱ्यानं? पाणी तर ओट्यावर चढलंच नाही, ती बसली असती तरी काही झालं नसतं. खरंच होतं ते. ती बसली असती तरी त्या दिवशी काही झालं नसतं. लिलाधर मान खाली घालून जेवत होता. प्रतिक्षा बायकांत बसली होती, तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

बुधराम जेवला नाही. तो माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता, ओल्या धोतरात. संध्याकाळी फोन वाजला. सिहोऱ्याहून रिता. तिकडं टीव्हीवर वैनगंगेची बातमी लागली होती. "शेट, बाबा हायेत का?" एवढंच विचारलं. मी फोन बुधरामला दिला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. मग बुधराम म्हणाला, "लिलाधरच्या बायकोले पयले बसवलं."

तिकडं टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मंग बाकीच्यायले उशीर झाला का?" रितानं विचारलं.

"नाही झाला."

"कितीक वेळ लागला बाबा, पयल्या खेपेले?"

बुधरामनं कानावर हात नेला. बिडी तिथं नव्हती, पाण्यात पडली असेल. "एक बिडी सरत नाही माय," तो म्हणाला. "तेवढ्यात बोट वापस आली. तेवढाच वेळ लागत होता."

त्यानं फोन माझ्याकडं दिला. मी कानाला लावला तेव्हा तिकडं रिता रडत होती, आणि मी काही म्हणायच्या आधी ती म्हणाली, "फोन ठेवू नका शेट. बाबाले द्या. बोलत नसन तं नसू द्या, त्यायच्या कानाले लावून ठेवा." मी तसाच लावून धरला. अंधार पडेपर्यंत माझा हात भरून आला होता, पण मी तो खाली घेतला नाही.